बारा दिशांची पंगत

वाऱ्याला नात्यातलं माणूस समजून रोज त्याची चौकशी करणारा गृहस्थ उभ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो लग्नातल्या आहेराबरोबर माझ्या वाट्याला आला. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. अकोल्याच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना मामाजी म्हणतो, ते मला जवाईबापू म्हणतात. फोनवर माणसं एकमेकांची तब्येत विचारतात, मुलाबाळांचं विचारतात. मामाजी विचारतात, "तिकडे वारा कोनीकडचा हाये?" लग्न नवीन होतं तेव्हा मी हे थट्टेवारी घेऊन "पंख्याकडचा" असं उत्तर दिलं होतं. पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की फोन बंद पडला समजून मी ठेवून दिला. तेव्हापासून त्यांचा फोन आला की मी आधी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघतो आणि मगच बोलायला सुरुवात करतो.

अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना कूलरची किंमत सांगायला नको. मामाजींच्या घरी कूलर आहे, पण त्यावर मामी वाळवणाची पाटी ठेवतात. कूलरचा वारा हा वाराच नव्हे, ती वाफ आहे, असं मामाजींचं मत. खरा वारा घरात येतो, फक्त तो कुठून आणि किती वाजता येतो हे माणसाला ठाऊक पाहिजे. त्यामुळे त्यांची खाट दिवसभर घरभर फिरत असते. सकाळी ओसरीवर, दुपारी जिन्याखाली, संध्याकाळी मागच्या दारात. एकदा मी दुपारी गेलो तर खाट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अर्धी आत, अर्धी बाहेर होती आणि मामी तिच्यावरून पलीकडे पाय टाकून चहा आणत होत्या. लग्नकार्यात तर विचारूच नका. मांडववाल्याला कनात कुठल्या बाजूची उघडायची आणि आचाऱ्याला भट्टी कुठे मांडायची हे मामाजी सांगणार. एका लग्नात त्यांच्या सांगण्यावरून हलवलेल्या भट्टीचा सगळा धूर नेमका मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या तोंडावर आला. सगळे मामाजींकडे बघू लागले. त्यांनी शांतपणे सांगितलं की वाऱ्याची काही चूक नाही, लग्नच उशिरा लागलं.

आता त्यांच्या जेवणाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. मामाजींइतकं सावकाश जेवणारा माणूस मी पाहिला नाही. पोळीचा तुकडा मोडला की त्यांना काहीतरी आठवतं, मग तो तुकडा हातात ठेवून ते बोलायला लागतात, आणि बोलणं संपलं की तुकडा ताटात ठेवून नवीन मोडतात. एरवी हे चाललं असतं. पण पंगतीतला सगळ्यात थोर माणूस उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही हा आमच्याकडचा शिष्टाचार, आणि गेल्या काही वर्षांत बहुतेक पंगतीत सगळ्यात थोर माणूस म्हणजे मामाजी. अचलपूरच्या एका लग्नात दुसऱ्या पंगतीची मंडळी पहिलीच्या पाठीमागे ताटकळत उभी, नवरीची पाठवणी खोळंबलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमलेला, आणि मामाजी मठ्ठ्याची वाटी हातात धरून शेजारच्याला सातपुड्यामुळे वारा कसा वळतो ते समजावत होते. कुणी उठलं नाही. मामाजींना स्वतःलाही हा शिष्टाचार जिवापलीकडे प्रिय. सोबत बसलं त्यानं सोबत उठावं, नाहीतर एकेकट्यानं घरीच खावं, असं ते म्हणत.

त्या दिवसांत अमरावतीला भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर माझं लहानसं ऑफिस होतं. पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांना त्या कुठे उभाराव्या आणि कुठे उभारू नयेत हे सांगायचं आमचं काम. डोंगरावर एक उंच मनोरा उभा करतात आणि त्यावरची यंत्रं वर्षभर वारा मोजतात. पण मनोरा असतो एका जागी आणि माळ पसरलेला असतो कोसभर. बाकीच्या जागी वारा किती असेल ते डोंगराच्या चढउतारांवरून गणित करून काढावं लागतं. वारा बारा दिशांनी येतो असं धरायचं, प्रत्येक दिशेचं गणित वेगळं सोडवायचं आणि शेवटी सगळं एकत्र करून नकाशा रंगवायचा. हे गणित करणारा प्रोग्राम मामाजींनी निवृत्तीनंतर स्वतः लिहिला होता. बाजारात तयार मिळतो तो घेऊ या, असं मी एकदा सुचवून पाहिलं. तो लिहिणाऱ्यांनी मेळघाट पाहिला आहे काय, असं त्यांनी मला उलट विचारलं.

प्रोग्राम अचूक होता, पण चपळ मुळीच नव्हता. मालकाच्या जेवणासारखंच त्याचं. सकाळी चालू केला की दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा यायचा. आणि भारनियमनाचे ते दिवस. वीज कधी येणार, कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज ते न वाचताच यायची. मध्येच गेली की सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मांडववाल्या एका मित्राचा जनरेटर आम्ही ऑफिसच्या जिन्याखाली आणून ठेवत असू. तो चालू झाला की खालच्या दुकानातली पातेली वाजायला लागायची आणि दुकानदार वर येऊन हात जोडायचा.

अशात मामाजींच्या गावच्या माळाचं काम आलं. त्यांचं गाव अचलपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या वर एक बोडका माळ आहे, त्यावर गवतही धड उगवत नाही. ती वर्षं आमच्याकडे बरी नव्हती. कापूस घरात आला तरी घरात कुणी हसत नसे, आणि भेटल्यावर 'यंदा कसं काय?' असं विचारायची रीत लोकांनी आपोआप सोडून दिली होती. मामाजी गावी गेले की देवळासमोर बसून लोकांना माळ दाखवत आणि म्हणत, "हा माळ तुमाले पोसन. वाऱ्याले ना पानी लागते ना खत." लोकांनी ऐकलं. एका कंपनीला गळ घालून माळावर मनोरा उभा केला, वर्षभर त्याला गुराढोरांपासून जपलं. मनोऱ्यावरचे आकडे चांगले आले. आता कंपनीची बैठक महिनाअखेर होती, त्यात तीन ठिकाणांतून एक निवडणार होते, आणि तोपर्यंत आमचा नकाशा त्यांच्या टेबलावर हवा होता. मामाजींनी गावाला शब्द देऊन ठेवला होता. त्यांनी आयुष्यात शब्द फार दिले, पण त्यांतल्या बहुतेकांचा कुणाच्या चुलीशी संबंध नव्हता. याचा होता.

नेमकी तुळशीची लग्नं लागून माणसांची लग्नं सुरू झाली आणि जनरेटर मांडवात गेला. दुसरा कुठे मिळेना. मग परतवाड्याचे सलीमभाई आले. हे आमचे संगणक जुळवून देणारे. ते एक नवीन डबा घेऊन आले आणि म्हणाले, याच्या आत एक नाही, चार मेंदू आहेत. मामाजी हरखले. चार म्हणजे काम चौथाई वेळात. मोठ्या उत्साहानं प्रोग्राम चालू केला, आणि तो जुन्या डब्याइतक्याच सावकाशीनं चालायला लागला. सलीमभाईंनी पडद्यावर एकेका मेंदूची एक अशा चार चौकटी उघडून दाखवल्या. एका चौकटीतली रेघ पार वर टेकलेली, बाकीच्या तीन चौकटींत ती तळाशी पडून. मामाजी बराच वेळ बघत राहिले.

"सलीमभाई," ते म्हणाले, "एकटा राबून राहिला न् तिघं पाहून राहिले?"

"तुमी त्यायले काम सांगतलंच नाई, सर," सलीमभाई म्हणाले. "सांगतल्याबिगर कोन करते?"

हे मामाजींना फार लागलं. आपल्या घरी तीन जण आले आणि आपण त्यांना बसाही म्हटलं नाही, अशा चेहऱ्यानं ते अकोल्याला परत गेले आणि चारपाच दिवसांनी प्रोग्राम नव्यानं लिहून घेऊन आले. आता चौघांनाही काम होतं. बारा दिशांच्या त्यांनी तीन पंगती केल्या होत्या. प्रत्येक पंगतीत चार दिशा, त्याही कुणाला वाईट वाटू नये म्हणून चारी बाजूंची एकेक: एक उत्तरेकडची, एक पूर्वेकडची, एक दक्षिणेकडची, एक पश्चिमेकडची. चौघं आपापली दिशा घेऊन एकदम बसणार, चौघांचं झालं की एकदम उठणार, मग दुसरी पंगत. मला ते फारच देखणं वाटलं, आणि चाललंही पुष्कळ जोरात. फक्त ते वीज जाण्याच्या आत पुरं होत नव्हतं. अगदी थोडक्यात राहायचं, पण राहायचं.

अकोल्याला मामाजींच्या भागात दोन भारनियमनांच्या मधला वेळ अमरावतीपेक्षा जरा जास्त आहे असा शोध लागला, तेव्हा संगणक अकोल्याला हलवायचं ठरलं. मामाजींनी त्याला चादरीत गुंडाळलं, एस.टी.त खिडकीशेजारी बसवलं आणि त्याचं अर्धं तिकीट काढायची तयारी दाखवली. कंडक्टरनं ते दिलं नाही. मूर्तिजापूरला गाडी भरली, तेव्हा उभ्या असलेल्या एका गृहस्थानं हे चादरीतलं काय आहे, खाली ठेवा, असं जरा घुश्श्यातच म्हटलं. मामाजींनी चादरीवर हात ठेवून पेशंट आहे असं सांगितलं. त्या बापड्याचा आवाज एकदम उतरला आणि त्यानं काय होतं म्हणून विचारलं. "तापते," मामाजी म्हणाले, "न् मंधातच बंद पडते. अकोल्याले नेऊन राहिलो." अकोल्यापर्यंत तो माणूस उभा राहिला, आणि उतरताना यांचा पेशंट उचलायला त्यानं हातही लावला. हे किती जड आहे, असं मात्र तो म्हणाला.

अकोल्याला वीज येताच आम्ही प्रोग्राम चालू केला आणि त्या चार चौकटींसमोर बसून राहिलो. पहिली पंगत बसली. चारी रेघा वर टेकल्या. थोड्या वेळानं दक्षिणेकडची खाली आली, मग पूर्वेकडची, मग पश्चिमेकडची. तिकडे सगळं सपाट रान, गणित सोपं. उत्तरेकडे अख्खा सातपुडा उभा, त्यामुळे ती दिशा चघळत बसली. तिचं होईपर्यंत तिघं स्वस्थ. दुसऱ्या पंगतीत तेच, तिसरीतही तेच. शेवटची उत्तरेकडची दिशा संपत आली आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. मी न राहवून म्हटलं, "मामाजी, ज्याचं काम झालं त्याला लगेच पुढची दिशा देऊ या. थांबतात कशाला?"

"पंगतीतला मानूस उष्ट्या हातानं उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसते काय, जवाईबापू?"

मी म्हटलं, ही माणसं नाहीत. म्हणून काय झालं, असं ते म्हणाले. मला हसूही येत होतं आणि चीडही. महिनाअखेर तोंडावर आलेली, गावातून रोज फोन येत होते, आणि हा माणूस त्या डब्यातल्या चौघांना जेवणाची रीत शिकवत बसला होता. तिसऱ्या दिवशीही वीज गेली, तेव्हा आम्ही जेवायला बसलो. मामाजींनी नेहमीप्रमाणे तुकडा मोडून हातात धरला. मामी वाढत होत्या. सगळं त्यांच्या कानावर होतंच.

"आमी बाया कधी बसलो वो तुमच्या पंगतीत?" मामी म्हणाल्या. "घरात लगन असलं की जिचं झालं ते उठते, दुसरं भांडं हाती घेते. कोनाची वाट पाहाची कोनाले? तरी तुमची सगळ्यायची जेवनं होतेत न् वेळेवर होतेत."

मामाजींनी हातातला तुकडा ताटात न ठेवता खाल्ला. जेवण त्यांच्या चालीनं पुरं झालं, आम्ही सगळे थांबलो, आणि हात धुऊन ते थेट संगणकापाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी प्रोग्राममधली पंगत गेली होती. उत्तरेकडच्या तीन हट्टी दिशा त्यांनी सगळ्यात आधी तिघांच्या हवाली केल्या, आणि चौथा उरलेल्या दिशा एकामागून एक उरकत सुटला. चारी रेघा अखेरपर्यंत वर टेकून राहिल्या. वीज जायला चांगला अवकाश असताना नकाशा पडद्यावर आला. मामींनी त्या आनंदात कूलरवरची पाटी काढून ठेवली, डिसेंबर होता तरी.

नकाशा मी आधी पाहिला. चांगल्या वाऱ्याला आम्ही लाल रंग देत असू. मनोरा जिथे होता त्या टेकाडावर कुंकवाएवढा लाल ठिपका होता. बाकीचा माळ फिका, जवळजवळ पांढरा. टेकाड सोडलं की सातपुड्याची भिंत वारा अडवत होती आणि माळाच्या वाट्याला तिची फक्त सावली येत होती. मामाजींनी प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चालवला. आता त्याला वेळ लागत नव्हता, ही त्यातली गंमत.

"पहिले दिवसभर तरी आशा राहत होती," ते म्हणाले.

मी त्यांना एक वाट सुचवली. आणखी वर्षभर मोजणी करावी, असं अहवालात मोघम लिहून देऊ. कंपनीही नाही म्हणणार नाही, गावालाही लगेच धक्का बसणार नाही. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"मी वाऱ्याले रोज इचारतो, जवाईबापू," ते म्हणाले. "आता त्यानं उत्तर देल्लं तर ऐकू नये काय?"

अहवाल जसा होता तसा कंपनीला गेला. गावाला फोनवर सांगून टाका असं मी म्हटलं, तर तेही त्यांनी ऐकलं नाही. काम झालं की देवळापुढे रोडग्यांचं गावजेवण करायचं असं गावानं आधीच ठरवलं होतं, दिवसही पक्का होता, आणि त्याच दिवशी आम्ही दोघं परतवाड्याच्या गाडीनं निघालो. एरवी मामाजी गाडीत बसले की प्रत्येक झाडाच्या शेंड्याकडे बघून वाऱ्याचा हिशेब सांगतात. त्या दिवशी त्यांनी एकाही झाडाकडे पाहिलं नाही. गावात पोचलो तर देवळामागं गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजत होते, मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी रटरटत होती. मामाजींनी चप्पलही न काढता उभ्यानंच सांगून टाकलं की माळावर वारा पुरत नाही, कंपनी येणार नाही, आणि मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते चुकलं. कुणी रागानं दोन शब्द सुनावले असते तर मला वाटतं मामाजींना बरं वाटलं असतं, पण कुणी सुनावले नाहीत. गावातले सगळ्यात म्हातारे देवरावजी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माळाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नाई तर नाई, सर. हात धुवा, जेवाले बसा."

पंगत बसली. रोडगे कुस्करून त्यावर वरण आणि तूप पडलं. देवरावजींनी मामाजींना आपल्याही वर, पहिल्या पानावर बसवलं. मामाजी जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि तरीही तितकेच सावकाश जेवत होते. बाकीच्यांचं कधीच झालं. हातांवरचं वरण वाळायला लागलं. एवढ्यात देवळाच्या कोपऱ्यातला दिवा लागला. शेतातल्या मोटारींची वीज आली की तो दिवा लागतो, आणि ती किती वेळ टिकेल याचा नेम नसतो. कुणाचा हरभरा पाण्यावर आलेला, कुणाची संत्र्याची बाग वाळत चाललेली. दिवा लागला की हातातलं काम टाकून पळायचं, ही त्या गावाची त्या दिवसांतली सवय. सगळ्यांनी एकदा दिव्याकडे पाहिलं. मग सगळे पुन्हा आपापल्या रिकाम्या ताटाकडे बघत बसले.

मामाजींच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यांनी दिवा पाहिला, मग पंगतीवरून टोकापर्यंत नजर फिरवली.

"उठा ना बाप्पा," ते म्हणाले. "ज्याचं झालं त्यानं उठा. मोटारी लावा."

"तुमचं होऊ द्या, सर," देवरावजी म्हणाले.

कुणीही हललं नाही. मामाजींनी ताटाकडे पाहिलं. अर्धा रोडगा अजून तसाच होता. तो त्यांनी वरणात कालवला आणि मान खाली घालून मोठमोठे घास घ्यायला सुरुवात केली. त्यांना भराभर जेवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही पाहिलेलं नाही. मध्ये ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण प्यायला पाणी हवं आहे असंही ते म्हणाले नाहीत. तसेच जेवत राहिले.